आगगाडी, आगबोट आणि न घडलेला इतिहास
(मराठी किशोरांच्या एका रिकाम्या कप्प्याविषयी)

इंग्रजी पुस्तकांच्या दुकानात किशोर-तरुणांच्या विभागात गेली काही वर्षे एक कप्पा हमखास दिसतो. मुखपृष्ठावर पितळी दंतचक्रे, हवेत तरंगणारी अजस्र जहाजे, कातडी पट्ट्याचे चष्मे लावलेली मुलेमुली आणि मागे धुराड्यांचे शहर. या प्रकाराला 'स्टीमपंक' म्हणतात. के. डब्ल्यू. जीटर या अमेरिकन लेखकाने १९८७ मध्ये आपल्या आणि मित्रांच्या कादंबऱ्यांसाठी हा शब्द काहीसा थट्टेने वापरला आणि तोच पुढे रूढ झाला. कल्पना साधी आहे. एकोणिसाव्या शतकातले, वाफेच्या यंत्रांचे जग घ्यायचे, त्यात जे यंत्र प्रत्यक्षात झाले नाही ते झाले असे मानायचे आणि मग इतिहास कोणत्या वाटेने गेला असता ते सांगायचे. विल्यम गिब्सन आणि ब्रूस स्टर्लिंग यांच्या १९९० मधल्या 'द डिफरन्स इंजिन' या कादंबरीत चार्ल्स बॅबेजचे गणनयंत्र त्याच्या हयातीतच पुरे होते आणि इंग्लंडमध्ये संगणकाचे युग शंभर वर्षे आधी अवतरते. प्रत्यक्षात ते यंत्र बॅबेजच्या हातून पुरे झाले नाही. कादंबरी उभी आहे ती नेमकी या 'झाले असते तर'वर.

मी पनवेलची. शिक्षण कॉमर्सचे, पोटापाण्याचा उद्योग हिशेब लिहिण्याचा आणि वाचनाचे वेड शाळेपासूनचे. वयाची पन्नाशी ओलांडल्यावरही मी किशोरांसाठी लिहिलेली पुस्तके वाचते, याचे घरात कोणाला आता आश्चर्य वाटत नाही. इंग्रजी पुस्तके मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचायला शिकले. गेल्या वर्षी माझी भाची, नववीतली, स्कॉट वेस्टरफेल्डची 'लेव्हायथन' संपवून म्हणाली, "आत्या, असं मराठीत काय आहे?" तिला लगेच उत्तर देता आले नाही. हा लेख त्या प्रश्नाच्या शोधातून झाला आहे.

आवडते दोन परदेशी

आधी भाचीच्या आणि माझ्या आवडीविषयी. वेस्टरफेल्डची 'लेव्हायथन' (२००९) पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर सुरू होते. युरोपचे दोन तट पडले आहेत. एका बाजूला चालत्या पोलादी यंत्रांवर विसंबलेली राष्ट्रे, दुसऱ्या बाजूला डार्विनच्या शोधावरून प्राण्यांपासूनच जहाजे घडवणारी. ऑस्ट्रियाच्या हत्या झालेल्या युवराजाचा कल्पित मुलगा अ‍ॅलेक आणि मुलाचे कपडे घालून हवाई दलात शिरलेली डेरिन, ही यातली दोन मुले. फिलिप रीव्हच्या 'मॉर्टल एंजिन्स'मध्ये (२००१) तर शहरेच चाकांवर उभी आहेत आणि मोठे शहर लहान शहराला पकडून गिळते. साम्राज्य म्हणजे काय हे मुलांना समजावून सांगायला यापेक्षा थेट चित्र मला माहीत नाही.

वेस्टरफेल्डची एक गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. पुस्तकाच्या अखेरीस तो दोन-चार पाने स्वतंत्र लिहितो आणि त्यात कथेतले खरे किती आणि रचलेले किती हे उघड सांगतो. या पानांचे महत्त्व लेखाच्या शेवटी येईल, म्हणून ती लक्षात ठेवावीत अशी वाचकांना विनंती आहे.

पोलादी हत्ती आणि नानासाहेब

स्टीमपंकवाले ज्याला आपला मूळपुरुष मानतात तो फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न. त्याच्यासाठी वाफेचे यंत्र हा वर्तमानकाळच होता. या व्हर्नचा आपल्याकडच्या इतिहासाशी संबंध दाट आहे. त्याच्या पाणबुडीचा मालक कॅप्टन निमो कोण, हे पहिल्या कादंबरीत कळत नाही. 'द मिस्टीरियस आयलंड'मध्ये (१८७५) ते उघड होते. निमो हा बुंदेलखंडातला राजपुत्र डक्कार, टिपू सुलतानाच्या नात्यातला, १८५७ च्या लढ्यात सारे गमावलेला. व्हर्नला आधी तो पोलंडचा उमराव करायचा होता, पण रशियातला वाचक दुखावेल म्हणून प्रकाशकाने ते होऊ दिले नाही. अशा रीतीने जगातला सर्वांत प्रसिद्ध कल्पित शास्त्रज्ञ-बंडखोर हिंदुस्थानी झाला.

१८८० मध्ये व्हर्नने 'द स्टीम हाउस' या नावाने इंग्रजीत ओळखली जाणारी कादंबरी लिहिली. तिची सुरुवात औरंगाबादेत होते. साल १८६७. भिंतीवर सरकारी जाहीरनामा लागला आहे : नानासाहेब पेशव्यांना पकडून देणाऱ्यास दोन हजार पौंड. पुढे काही युरोपीय मंडळी कलकत्त्याहून उत्तरेकडे निघतात. त्यांचे वाहन म्हणजे वाफेवर चालणारा, सोंडेतून धूर सोडणारा पोलादी हत्ती आणि त्याने ओढलेली दोन चाकांवरची घरे. नानासाहेब यात खलनायक आहेत, आणि अखेरीस त्या हत्तीच्या स्फोटातच त्यांचा शेवट होतो. खऱ्या नानासाहेबांचे नेपाळच्या तराईत गेल्यानंतर काय झाले, याचा निश्चित उलगडा नाही. व्हर्नने नेमकी ती रिकामी जागा हेरली.

म्हणजे वाफेचे यंत्र आणि मराठ्यांचा इतिहास एकत्र गुंफणारी कादंबरी सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच लिहिली गेली आहे. ती लिहिली एका फ्रेंचाने, आणि हत्ती साहेबाच्या हाती दिला, पेशवा त्याच्या विरोधात उभा केला. हेच चित्र उलटे करून मराठीत कोणी लिहिले नाही.

आपली कादंबरी गडावर का गेली?

याचे एक कारण कालक्रमात दिसते. मुंबई-ठाणे आगगाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. त्याच साली गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले. म्हणजे नव्या यंत्रयुगाकडे डोळे उघडे ठेवून पाहणारे मराठी गद्य तेव्हा होते. पण १८७१ मध्ये रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' आली आणि मराठी ऐतिहासिक कादंबरीने जी वाट धरली ती शिवकालाची. पुढे हरिभाऊ आपटे, नाथमाधव आणि कितीतरी जण त्याच वाटेने गेले. घाटातून इंजिन शिट्टी देत चढत होते तेव्हा आपला कादंबरीकार गडाच्या पायऱ्या चढत होता.

त्यात नवल नाही. इंजिन साहेबाचे होते, गड आपला होता. पराभूत समाज जिंकलेल्या काळाकडे पाहतो. पण याचा परिणाम असा झाला की एकोणिसावे शतक मराठी किशोराच्या वाट्याला समाजसुधारकांच्या चरित्रांतून आले, साहसकथेतून जवळजवळ आलेच नाही. साहस म्हटले की घोडा, तलवार, भुयार. वाफ, तार, छापखाना यांना साहसाच्या कथेत जागा मिळाली नाही.

भाषेने मात्र यंत्राला कधीच आपलेसे केले होते. इंग्रजीने त्या युगाला वाफेचे नाव दिले. मराठी माणसाला वाफ दिसलीच नाही, त्याला दिसली आग. आगगाडी, आगबोट, आगपेटी. स्टीमपंकला मराठी शब्द हवाच असेल तर तो 'आग'वरूनच करावा लागेल. 'आगयुगी कथा' म्हटले तर भाचीला लगेच कळले.

तीन मराठी पूर्वज

कप्पा रिकामा असला तरी त्याच्या आसपास तीन लेखक उभे आहेत. तिघेही माझे आवडते.

पहिले भा. रा. भागवत (१९१०-२००१). त्यांचा फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे सर्वांना ठाऊक आहे. त्याचे यंत्र म्हणजे सायकल, आणि मराठी किशोरकथेत यंत्रावर स्वार झालेला इतका लाडका नायक दुसरा नाही. पण भागवतांचे दुसरे काम तितकेच मोठे आहे. 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' अशा पुस्तकांतून त्यांनी व्हर्न मराठी मुलांच्या घरात आणला. व्हर्न मराठीत त्याआधीही आला होता. १९०० च्या सुमारास 'केरळ कोकिळ' मासिकात 'चंद्रलोकची सफर' क्रमशः येत होती, आणि हे मराठी मासिक निघत होते ते कोचीनहून! पण ते प्रौढ वाचकांचे वाचन होते. भागवतांनी तो मुलांच्या बोलीत आणला, नावे-ठिकाणे परकी ठेवूनही वाक्य मराठी ठेवले. माझ्या पिढीला आगयुगाची चव लागली ती तिथे.

दुसरे जयंत नारळीकर. त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा अनेकांना अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकातून भेटली असेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर एका निराळ्याच हिंदुस्थानात जाऊन पडतात. तिथे पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी थोडक्यात चुकली आहे आणि मराठे जिंकले आहेत. कथेचा गाभा मला वाटतो तो त्यापुढे. जिंकलेले पेशवे युरोपातले तंत्रयुग ओळखतात, स्वतःची विज्ञानकेंद्रे उभारतात, कंपनीकडून तज्ज्ञ घेतात ते फक्त आपले लोक तयार होईपर्यंत. इंग्रजांकडे उरते ती मुंबई, तीही २००१ मध्ये संपणाऱ्या भाडेपट्ट्याने. एका लढाईच्या निकालापेक्षा त्यानंतर ज्ञानाचे काय केले हे नारळीकरांना महत्त्वाचे वाटते. गंगाधरपंत हे सारे कोठे शोधतात? ग्रंथालयात, स्वतःच्याच ग्रंथांच्या खंडांत. कोणत्या पानापासून इतिहास वळला हे ते पाने उलटून पाहतात. संशोधकाला याहून थरारक प्रसंग कोणता असणार! स्टीमपंक हा शब्द न वापरता लिहिलेली ही मराठीतली सर्वांत जवळची कथा आहे. नारळीकर २० मे २०२५ ला गेले. त्यांच्या विज्ञानकथांवर पुष्कळ लिहिले गेले, या वाटेने पुढे मात्र फारसे कोणी गेले नाही.

तिसऱ्या शुभदा गोगटे. त्या विज्ञानकथालेखिका, 'यंत्रायणी' त्यांचीच. आणि त्यांनीच बोरघाटाच्या लोहमार्गावर 'खंडाळ्याच्या घाटासाठी' ही ऐतिहासिक कादंबरी लिहिली. यंत्राच्या कथा लिहिणारे मन इतिहासाकडे वळते तेव्हा ते गडाकडे न जाता बोगद्याकडे जाते, याचे हे उदाहरण. ही कादंबरी किशोरांसाठी म्हणून लिहिलेली नाही, पण चौदा-पंधरा वर्षांच्या चांगल्या वाचकाला ती खुशाल द्यावी.

कच्चा माल

आपल्याकडे आगयुगी कथेला माल नाही, असे कोणी म्हणेल तर त्याने पुढच्या चार जागा पाहाव्यात.

पहिली जागा बोरघाट. आम्हा पनवेलकरांच्या अंगणातली. लोहमार्गापूर्वी मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी होडीने पनवेल बंदरात उतरे आणि पुढे सडकेने घाट चढे. नगरपालिका इथे १८५२ मध्येच आली, ती या वर्दळीच्या जोरावर. लोहमार्ग कर्जतवरून गेला आणि प्रवाशांची ती वाट ओसरली. घाटातली चढण पंधरा मैलांची, बोगदे पंचवीस, कामावर एका वेळी चाळीस हजारांवर माणसे. पटकीने माणसे मेली. १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून दंगल झाली. कंत्राटदार बदलला, नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला आणि त्याची विधवा अ‍ॅलिस हिने कंत्राट आपल्या नावावर पुढे चालवले. चाळीस हजार मजुरांत किती मुले असतील! त्यांतल्या एकाही मुलाच्या डोळ्यांनी हा घाट कोणी किशोरांना दाखवलेला नाही.

दुसरी जागा छापखान्याची. सवाई माधवरावांच्या काळात इंग्रज वकील मॅलेट पुण्यात होता. त्याच्याजवळ ठसे कोरायला शिकलेल्या कारागिराच्या हातून पुढे १८०५ मध्ये मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यावरून भगवद्गीता छापली गेली. पेशवाई अजून तेरा वर्षे उभी होती. पुण्यात तेव्हाच वर्तमानपत्र निघाले असते तर? हा 'तर' तलवारीच्या कोणत्याही 'तर'पेक्षा मला मोठा वाटतो. प्रत्यक्षात पंचांग छापण्यासाठी १८३१ साल आणि मुंबईतले गणपत कृष्णाजी यावे लागले.

तिसरी जागा त्याच धाग्यावर. शंकर आबाजी भिसे, जन्म मुंबई, १८६७. वजन करणाऱ्या स्वयंचलित यंत्राच्या आराखड्याने लंडनच्या एका नियतकालिकाची स्पर्धा जिंकलेला हा तरुण विलायतेला गेला. दादाभाई नौरोजींनी त्याला पाठबळ दिले. छपाईचे खिळे झपाट्याने पाडणारे त्याचे यंत्र, त्यासाठी भांडवल उभे करताना झालेली ओढाताण आणि शेवटी १९३५ मध्ये न्यूयॉर्कला झालेला मृत्यू. या आयुष्यात कादंबरीकाराला काही वाढवावे लागणार नाही, फक्त एखादा नकार होकारात बदलावा लागेल.

चौथी जागा पनवेलजवळचे शिरढोण. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म इथला, १८४५ चा. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. नातू पुण्यात लष्करी हिशेबखात्यातला कारकून. गड ते कचेरी हे अंतर एका घराने दोन पिढ्यांत तोडले. १८७९ च्या बंडात सरकारने फडक्यांच्या डोक्यावर बक्षीस लावले, फडक्यांनी उलट गव्हर्नरच्या डोक्यावर लावले. पुढच्याच वर्षी व्हर्नच्या कादंबरीत औरंगाबादेच्या भिंतीवर बक्षिसाचा जाहीरनामा झळकला. दोहोंचा एकमेकांशी संबंध असल्याचा माझा दावा नाही, पण काळ एकच होता. फडक्यांविरुद्ध सर्वांत मोठे हत्यार बंदूक नव्हते. सरकारची माहिती तारेने त्यांच्या आधी पुढच्या गावी पोचत होती. ती तार रामोशी साथीदारांपैकी एखाद्या पोराला वाचता आली असती तर? कथेला एवढे पुरे आहे.

'असते तर' आणि 'होतेच'

आता लेखाचा अवघड भाग. मराठीत आगयुगी कथा नाही असे मी म्हणते, तेव्हा कोणीतरी हटकून तळपद्यांचे नाव घेतो. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवले, राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. २०१५ मध्ये तिच्यावर हिंदी चित्रपटही आला. तळपदे होते, त्यांना विमानविद्येचा ध्यास होता, हे खरे. पण त्या उड्डाणाचा विश्वासार्ह समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. या कथेच्या जोडीने ज्या 'वैमानिकशास्त्रा'चा हवाला देतात, त्याचा अभ्यास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. तो ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमाने उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तरीही २०१५ च्या जानेवारीत मुंबईत भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवरचा निबंध वाचला गेलाच.

मला तळपद्यांची कथा फार आवडते. चौपाटीवरची संध्याकाळ, जमलेली गर्दी, उंच जाणारे यंत्र. कादंबरी म्हणून ती कोणी लिहिली तर पहिली प्रत मी घेईन. पण तीच गोष्ट मुलांना इतिहास म्हणून सांगितली की दोन नुकसाने होतात. मुलाला पुरावा मागायची सवय लागत नाही. आणि भिसे, गणपत कृष्णाजी यांच्यासारखे, ज्यांची यंत्रे खरोखर चालली, ते झाकले जातात. न उडालेल्या विमानाची गोष्ट घरोघर माहीत आहे आणि खिळे पाडणाऱ्या भिश्यांचे नाव किती घरांत माहीत आहे, हे वाचकांनी आपल्या मुलांना विचारून पाहावे.

'असते तर' म्हणणारा लेखक आधी मान्य करतो की ते झाले नाही. त्या मान्यतेत दुःख असते, आणि कथेचा जोरही त्यातूनच येतो. नारळीकरांचे गंगाधरपंत परत येतात ते हरलेल्या पानिपताच्याच जगात. 'होतेच' म्हणणाऱ्याला हे दुःख टाळायचे असते. स्वतःच्या इतिहासातली हार न सोसणाऱ्या समाजात आगयुगी कथा रुजत नाही, कारण तिला जे बदलायचे ते आधी झालेले मान्यच नसते. कप्पा रिकामा राहण्याचे हे मला सापडलेले दुसरे कारण, आणि गडाच्या ओढीपेक्षा ते अधिक काळजीचे आहे.

उपाय फार खर्चाचा नाही. किशोरांसाठी लिहिणाऱ्या तरुण लेखकांनी घाट, छापखाना, तारघर, गोदी यांच्याकडे वळावे. माडगावकर हाताशी आहेत, जुनी गॅझेटियर आता सहज वाचायला मिळतात. यंत्र हवे तेवढे उंच उडवावे. फक्त वेस्टरफेल्डप्रमाणे शेवटी दोन पाने जोडावीत आणि मुलांना सांगावे : हे खरे, हे माझ्या मनचे, आणि हे खरे असल्याचा पुरावा अमुक ठिकाणी आहे. भाचीने 'लेव्हायथन'ची ती पाने कथेच्या आधी वाचून टाकली होती, आणि मग कथा दुप्पट आवडीने वाचली. सध्या तिला मी भागवतांचा व्हर्न आणि नारळीकरांचे गंगाधरपंत दिले आहेत. येत्या सुट्टीत खंडाळ्याचा बोगदा पाहायचा, असे तिने स्वतःहून ठरवले आहे.